रोजच्या लिंबू पाण्याचा हिशेब : घरात कोणी, कधी आणि किती प्यावं?

उन्हाळा लागला की व्हॉट्सअॅपवर लिंबू पाण्याचे मेसेज सुरू होतात. सकाळी अनशापोटी लिंबू पाणी प्या, पोट उतरेल. कोमट पाण्यात लिंबू आणि मध घ्या, चरबी वितळेल. लिंबू रक्त साफ करतं, शुगर मुळापासून घालवतं. एक मेसेज तर वर्षानुवर्षं फिरतोय, त्यात लिंबू कॅन्सरवर केमोथेरपीपेक्षा हजारो पटीनं भारी असल्याचं लिहिलेलं असतं. खाली ‘सवाब समजून पुढे पाठवा’ अशी ओळ असते आणि आपण पाठवतोसुद्धा.

यातला कॅन्सरचा दावा साफ खोटा आहे. शुगर मुळापासून जाते, हेही खरं नाही. असे मेसेज वाचून कुणी गोळ्या बंद केल्या किंवा तपासणी पुढे ढकलली तर त्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागते. पण म्हणून लिंबू पाणीच वाईट, असंही नाही. स्वस्त आहे, घरात बनतं, लहान-मोठे सगळे आवडीनं पितात. नीट वापरलं तर घराच्या रोजच्या सवयीत त्याची जागा चांगली आहे. फक्त त्याचा फायदा मेसेजमध्ये सांगतात तिथे नसून दुसरीकडे आहे. तो कुठे आहे आणि घरात कोणी काय काळजी घ्यायची, ते नीट पाहू.

एका पेल्यात नेमकं असतं काय?

आपल्याकडे मिळणारं लिंबू म्हणजे कागदी लिंबू. लहान, पातळ सालीचं. मध्यम आकाराच्या एका लिंबातून साधारण १२ ते १५ मिलिलिटर रस निघतो, म्हणजे अडीच-तीन चहाचे चमचे. त्यात क जीवनसत्त्व, ज्याला आपण व्हिटॅमिन सी म्हणतो, ते साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम असतं.

आता गरज किती? हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ८० आणि बाईसाठी ६५ मिलिग्रॅम सांगते. म्हणजे अर्ध्या लिंबाच्या पेल्यातून गरजेचा अगदी छोटा वाटा मिळतो. याउलट १०० ग्रॅम पेरूमध्ये २०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं. आवळ्यातही भरपूर. त्यामुळे ‘व्हिटॅमिन सीसाठी लिंबू पाणी’ असं म्हणत असाल तर एक पेरू कापून मुलांना द्या, काम जास्त होईल.

मग लिंबात मोठं काय? सायट्रिक आम्ल. त्याच्यामुळेच लिंबू आंबट लागतं. हे आम्ल शरीरात गेल्यावर लघवीतलं सायट्रेट वाढवतं आणि सायट्रेट मुतखडा तयार होण्याला अडवतं. म्हणून मुतखड्याच्या काही पेशंटना डॉक्टर लिंबू पाणी घ्यायला सांगतात. पण तिथेही मुख्य औषध पाणीच. दिवसभरात लघवी अडीच लिटरच्या आसपास व्हावी इतकं पाणी पोटात गेलं पाहिजे. लिंबू त्यात मदतनीस आहे.

आणि चरबी? कोमट पाण्यानं, लिंबानं किंवा मधानं चरबी वितळत नाही. वजन कमी झालंच तर ते सकाळच्या साखरेच्या चहाऐवजी बिनसाखरेचं लिंबू पाणी प्यायल्यामुळे होतं, कारण तेवढी साखर पोटात गेली नाही. लिंबू पाण्याचा खरा फायदा इथेच दडलेला आहे.

खरा फायदा : ते कशाच्या जागी येतं

आपल्या घरांत गोड प्यायची सवय पक्की आहे. सकाळी चहा, अकराला चहा, पाहुणे आले की चहा, संध्याकाळी पुन्हा चहा. दावत असली की बिर्याणीसोबत कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या. रमजानमध्ये दस्तरखानवर गुलाबी सरबत. लग्नात तर विचारूच नका.

कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. बाटलीतल्या सरबताचे दोन मोठे चमचे पेल्यात टाकले तर २० ग्रॅमच्या आसपास साखर गेली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला जास्तीत जास्त ५० ग्रॅम असावी आणि २५ ग्रॅमपर्यंत ठेवली तर उत्तम. एका बाटलीतच हा २५ ग्रॅमचा कोटा संपतो.

आणि आपल्या देशात शुगरची परिस्थिती काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभरातला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रत्येक मोहल्ल्यात, जवळजवळ प्रत्येक खानदानात कुणी ना कुणी शुगरची गोळी खातंय. पाय कापावा लागलेले, डोळे गेलेले, डायलिसिसवर असलेले लोक आपण पाहतो. हा आजार एका पेल्यानं होत नाही आणि एका पेल्यानं जातही नाही. पण रोजचे पेले बदलले तर फरक पडतो.

म्हणून लिंबू पाण्याकडे औषध म्हणून पाहू नका. कोल्ड्रिंकच्या जागी, तिसऱ्या-चौथ्या चहाच्या जागी, साखरेच्या सरबताच्या जागी ते आलं तर घराचा फायदा आहे. हे सगळं तसंच चालू ठेवून वरून लिंबू पाणी घेतलं, तेही चार चमचे साखर घालून, तर घरात गोडाचा आणखी एक पेला वाढला, एवढंच.

इथे एक गैरसमज काढून टाकू. मध, गूळ, खडीसाखर घातली म्हणजे साखर घातली नाही, असं नसतं. शरीराच्या हिशेबात ती साखरच. मधात शिफा आहे हा आपला विश्वास आहे, पण शुगरच्या पेशंटनं मधाचे चमचे मोजूनच घ्यायला हवेत.

लिंबू, सरबत आणि आपला इतिहास

सरबत हा शब्द अरबीतल्या ‘पिणे’ या अर्थाच्या ‘शरिबा’ या क्रियापदापासून आलेला आहे. लिंबालाही अरबीत ‘लैमून’ म्हणतात आणि युरोपातल्या भाषांमधली लिंबाची बरीचशी नावं याच शब्दावरून गेली. मूळ आपल्या आशियाचं हे फळ पश्चिमेकडे, स्पेन आणि सिसिलीपर्यंत पसरवण्यात अरब व्यापारी आणि शेतकऱ्यांचा मोठा वाटा होता. बाराव्या शतकात सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांच्या दरबारातले ज्यू हकीम इब्न जुमय यांनी लिंबावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. म्हणजे लिंबाचा अभ्यास आपल्या तहजीबमध्ये जुना आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ‘लिंबाचा उल्लेख हदीसमध्ये आहे’ असं बरेचदा सांगितलं जातं. बुखारी आणि मुस्लिम शरीफमध्ये कुरआन पढणाऱ्या मोमिनाची तुलना ज्या फळाशी केली आहे, ते फळ ‘उतरुज्जा’ आहे. त्याची चवही चांगली आणि सुगंधही चांगला, असा त्याचा अर्थ. हे फळ म्हणजे आपल्याकडचं महाळुंग. जाड सालीचं, मोठं. लिंबाच्या जातकुळीतलं आहे, पण आपलं कागदी लिंबू नव्हे. आणि तिथे ते मिसाल म्हणून आलंय, इलाज म्हणून नाही. दीनच्या नावानं कुठलीही गोष्ट पुढे पाठवण्याआधी एवढी खातरी करणं आपली जबाबदारी आहे.

खाण्यापिण्याबद्दल दीननं जी शिकवण दिली ती साधी आहे. खा, प्या, पण हद्द ओलांडू नका. सूरह आराफमध्ये हाच हुकूम आहे. लिंबू पाण्याच्या पेल्यालाही तो लागू होतो.

सकाळी : फजरनंतरचा पेला

फजरची नमाज झाली, तिलावत झाली, मग चहाआधी एक पेला पाणी. ही सवय चांगली आहे. रात्रभर शरीराला पाणी मिळालेलं नसतं. त्यात अर्धं लिंबू पिळलं तर चव येते आणि माणूस आवडीनं पूर्ण पेला पितो. पाणी साधं असो की कोमट, फायदा तोच. कडक गरम मात्र नको, कारण उष्णतेनं व्हिटॅमिन सी कमी होतं.

आता काळजीच्या गोष्टी.

पहिली, दात. लिंबाचा रस खूप आम्लयुक्त असतो. त्यानं दातावरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते मऊ पडतं. अशा वेळी लगेच ब्रश घासला तर कवच झिजतं आणि एकदा गेलेलं इनॅमल परत येत नाही. म्हणून मिस्वाक किंवा ब्रश आधी करा, लिंबू पाणी नंतर. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश करू नका. बाटलीत लिंबू पाणी भरून दिवसभर घोट-घोट पिणं दातांसाठी सगळ्यात वाईट. त्यापेक्षा बसून, बिस्मिल्लाह म्हणून, तीन श्वासांत पेला संपवायची जी सुन्नत आहे, ती दातांसाठीही बरी.

दुसरी, गोळ्या. थायरॉइडची गोळी अनशापोटी साध्या पाण्याबरोबरच घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास दुसरं काही घ्यायचं नसतं. घरात कुणाला ती गोळी चालू असेल तर आधी गोळी, मग तासाभरानं लिंबू पाणी. इतर गोळ्याही साध्या पाण्यानंच गिळा.

तिसरी, छातीत जळजळ. ज्यांना अॅसिडिटी आहे, आंबट ढेकर येतात, अल्सर आहे, त्यांना अनशापोटी लिंबानं त्रास वाढू शकतो. ‘लिंबू पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं’ असं ऐकून त्रास सहन करत बसू नका. पोटात मुळातच लिंबाइतकं किंवा त्याहून तीव्र आम्ल असतं. त्रास होत असेल तर साधं पाणी प्या. त्यात काही कमीपणा नाही.

जेवणाबरोबर : रक्त कमी असलेल्या घरांसाठी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे घरात दोन बायका असतील तर त्यातल्या एकीला हा त्रास असण्याची शक्यता आहे. थकवा, चक्कर, जिना चढताना धाप, केस गळणं, या गोष्टी आपण ‘कामाचा ताण’ म्हणून सोडून देतो.

पालक, मेथी, डाळी, हरभरे, बाजरी यांत लोह असतं, पण ते शरीरात सहज शोषलं जात नाही. आंबट फळांतलं व्हिटॅमिन सी आणि सायट्रिक आम्ल त्याला मदत करतं. म्हणून डाळीवर, पालकावर, उकडलेल्या चण्यांवर लिंबू पिळून खाणं शहाणपणाचं आहे. कलेजी आणि मटणातलं लोह मात्र आपसूकच चांगलं शोषलं जातं.

एका लिंबात व्हिटॅमिन सी थोडं असतं हे आपण वर पाहिलं. म्हणून एवढ्यावर थांबू नका. जेवणाबरोबर पेरू, संत्रं, टोमॅटो, कच्ची कोथिंबीर असेल तर मदत वाढते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या चहा नको. चहातले तुरट घटक या लोहाला पकडून ठेवतात आणि शोषण निम्म्याहून कमी होऊ शकतं. डाळ-पालक खाल्ला आणि वर कडक चहा प्यायला, तर मेहनत वाया. चहा जेवणानंतर निदान तासभरानं घ्या. दुपारच्या जेवणासोबत लिंबू पाण्याचा पेला ठेवला तर चहाची तलफ तेवढी थांबते, हा त्याचा दुहेरी फायदा.

हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर लिंबू-पालकावर भागत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. सरकारी दवाखान्यात आणि अंगणवाडीत त्या मोफत मिळतात.

रमजानमध्ये

रोजा खजूर आणि पाण्यानं सोडायचा. त्यानंतरचा जो सरबताचा पेला असतो, तिथे लिंबू पाण्याला सगळ्यात मोठी संधी आहे. एक साधा हिशेब करा. घरात पाच माणसं. प्रत्येकाच्या पेल्यात चार चमचे साखर, म्हणजे २० ग्रॅम. रोज १०० ग्रॅम झाली. तीस रोज्यांत तीन किलो साखर फक्त सरबतातून. तीच पेल्याला एक चमचा केली तर पाऊण किलो. सव्वादोन किलो साखर पोटात गेली नाही, आणि खजुराची गोडी तर आधीच मिळालेली असते.

इफ्तारला एकदम तीन-चार पेले पिऊन पोट फुगवण्यापेक्षा इफ्तार, मगरिबनंतर, तरावीहच्या आधी-नंतर आणि सेहरी असं पाणी वाटून घ्या. सेहरीला मीठ घातलेलं लिंबू पाणी जास्त पिऊ नका, दिवसभर तहान लागेल. सेहरीला साधं पाणी आणि सोबत दही, काकडी, भाजी हे बरं.

शुगरच्या पेशंटसाठी दोन गोष्टी. रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना भेटून गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा ठरवून घ्या. आणि रोज्यात घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर रोजा सोडायचा असतो आणि त्या वेळी बिनसाखरेचं लिंबू पाणी कामाचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुगर ३०० च्या वर गेली तरीही रोजा सोडून डॉक्टरांकडे जायचं. शुगर मोजण्यासाठी बोटाला टोचल्यानं रोजा तुटत नाही, असं आलिम सांगतात. आजारी माणसाला दीननंच सवलत दिली आहे, ती घेण्यात गुनाह नाही.

घरातलं कोण, किती

दादा-दादी, नाना-नानी : बीपी असेल तर मीठ आणि काळं मीठ दोन्ही टाळा. काळं मीठ, सैंधव हेही मुख्यतः मीठच आहे. दिवसाचं सगळं मिळून मीठ एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत हवं. लोणचं, पापड, खारट बिस्किटं त्यातच मोजायची. यांना मिठाऐवजी भाजलेलं जिरं आणि पुदिना घालून द्या. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, म्हणून त्यांनी मागायची वाट न पाहता पेला हातात द्यावा.

किडनी किंवा हृदयाचे पेशंट : ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांचं लिंबू पाणीही त्याच मापात धरायचं. डायलिसिसच्या पेशंटला ‘लिंबू पाण्यानं किडनी साफ होते’ म्हणून जास्तीचे पेले पाजणं जिवावर बेतू शकतं.

गरोदर बाई : मळमळीत लिंबाचा वास आणि आंबट चव काहींना बरी वाटते. दिवसाला एक-दोन पेले चालतात. छातीत जळजळ होत असेल तर थांबवा.

शाळेची मुलं : डब्यासोबत साधं पाणीच द्या. लिंबू पाणी घरी, शाळेतून आल्यावर. बाहेरचा बर्फाचा गोळा आणि रंगीत पेप्सीच्या नळ्या यांच्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

तान्हं बाळ : सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. लिंबू पाणी तर सोडाच, साधं पाणीही नाही. आणि एक वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नका, चाटवूही नका. मधातल्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

जुलाब आणि ऊन लागलं तर

मुलाला जुलाब लागले की पहिल्यांदा लिंबू-साखर-मीठ पाणी दिलं जातं. नियत चांगली, पण अंदाजानं केलेलं माप चुकतं. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर बाळाला धोका. जुलाबात ओआरएसचं पाकीटच वापरा. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट, अर्धं पाणी असं करायचं नाही. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ते मिळतं. दुकानात टेट्रापॅकमध्ये ‘ओआरएस’ नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी असतात. त्यांच्यावर हे नाव वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्या.

पाकीट मिळेपर्यंतचा घरचा उपाय : एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चवीला थोडं लिंबू चालेल. पण चमचे मोजूनच.

उन्हात काम करणारे, हातगाडीवाले, बांधकामावरचे मजूर, डिलिव्हरीची पोरं यांच्यासाठी चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू पाणी आणि ताक दोन्ही चांगलं. पण ऊन लागून माणूस बरळायला लागला, बेशुद्ध पडला तर तोंडात काहीही ओतू नका. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

बनवायचं कसं?

पाच माणसांसाठी : सव्वा लिटर पाणी, मध्यम आकाराची तीन लिंबं, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, मूठभर पुदिना हातानं चुरडून. हवं असेल तर एक चमचा सब्जा, ज्याला आपल्याकडे तुकमलंगा म्हणतात, तो आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात फुगवून. कोरडा सब्जा कधीच गिळू नका, घशात फुगून अडकू शकतो.

साखर? घरात गोडाची सवय असेल तर एकदम बंद केली की कुणी पिणारच नाही. पहिल्या आठवड्यात पेल्याला दोन चमचे, दुसऱ्यात दीड, तिसऱ्यात एक, चौथ्यात अर्धा. जीभ महिनाभरात सुधारते. नंतर जुनं सरबत प्यायलं तर तेच जास्त गोड लागतं.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं घ्या. तांब्याच्या किंवा पितळेच्या तांब्यात लिंबू पाणी ठेवू नका. आंबटामुळे तांबं पाण्यात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. तांब्याच्या भांड्यात साधं पाणी ठेवायची सवय असेल तर ते पाणी पेल्यात घेऊन मग लिंबू पिळा. अॅल्युमिनियमचं पातेलंही नको.

बाहेर गाडीवर प्यायचं असेल तर बर्फ नको म्हणून सांगा. पाणी आणि बर्फ कुठलं, हे आपल्याला माहीत नसतं. कावीळ आणि टायफॉइड इथूनच घरात येतात.

लिंबू महाग झालं की?

एप्रिल २०२२ मध्ये एक लिंबू दहा रुपयांवर गेलं होतं, ते सगळ्यांना आठवत असेल. उन्हाळ्यात मागणी सगळ्यात जास्त आणि माल सगळ्यात कमी, असं दरवर्षीच होतं. लिंबाला वर्षात तीन बहार येतात. उन्हाळ्यात बाजारात येणारा माल हस्त बहाराचा असतो आणि तो धरणं शेतकऱ्यासाठी अवघड, कारण पावसाळ्याच्या शेवटी झाडाला ताण द्यावा लागतो. नेमका तेव्हा पाऊस पडला की बहार हुकतो. श्रीगोंदा, सोलापूर, अकोला भागातले लिंबाचे शेतकरी हे चांगलं जाणतात.

म्हणून पावसाळ्यात लिंबू स्वस्त असतं तेव्हा जास्त घ्या, रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. एक खडा, एक पेला. पिळण्याआधी लिंबू कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून हातानं दाबत ओट्यावर फिरवलं तर रस जास्त निघतो.

आणि लिंबू परवडत नसेल त्या दिवशी कोकमाचं पाणी, चिंचेचं पातळ पाणी किंवा ताक. कोकणातल्या आपल्या घरांत कोकम तर असतंच. काहीच नसेल तर साधं पाणी. लिंबाशिवायही पाणी पाण्याचं काम पूर्ण करतं.

उद्यापासून एवढंच करा

एक, दिवसातला एक गोड पेला ठरवून काढा. संध्याकाळचा चहा असेल, कोल्ड्रिंक असेल, सरबत असेल. त्या जागी कमी साखरेचं किंवा बिनसाखरेचं लिंबू पाणी. दोन, घरात ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या गोळ्या तशाच चालू राहतील. तीन, पुढच्या दावतीत कोल्ड्रिंकच्या बाटल्यांऐवजी लिंबू-पुदिन्याचा एक मोठा हंडा ठेवून पाहा. खर्च कमी येतो आणि मेहमान तारीफही करतात.

आणि लिंबानं शुगर, बीपी, कॅन्सर बरा होतो असा मेसेज पुन्हा आला तर तो पुढे पाठवू नका. ज्यानं पाठवला त्याला प्रेमानं समजावून सांगा. कुणाच्या तरी अब्बांची गोळी त्यामुळे चालू राहील, इन्शाअल्लाह.